रथसप्तमी ते होळी : घरच्या फुलबागेची पूर्वतयारी

संक्रांतीपासून चाललेली हळदीकुंकवे रथसप्तमीला आटोपतात. त्या सकाळी अंगणात सूर्याच्या रथाची रांगोळी निघते, गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीच्या बोळक्यात दूध उतू जाते आणि घरातील जाणती माणसे, आता ऊन चढत जाणार, असे सांगतात. त्यांचे हे सांगणे बागकामाच्या दृष्टीने शब्दशः खरे आहे. पहाटेचा गारवा अद्याप कायम असतो. परंतु दुपारच्या उन्हाला धार येऊ लागलेली असते. माघ शुद्ध सप्तमीपासून फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत सुमारे ३८ दिवस मिळतात. इंग्रजी महिन्यांत सांगावयाचे तर फेब्रुवारी आणि मार्चचा काही भाग. घरच्या फुलबागेचे पुढील चार महिन्यांचे भवितव्य या ३८ दिवसांत ठरते.

गंमत अशी की, याच दिवसांत बाग सर्वांत देखणी दिसत असते. पिटुनिया, फ्लॉक्स, अॅस्टर, डेलिया ऐन भरात असतात. शेवंतीची शेवटची फुले अजून टिकून असतात. त्यामुळे काही करावयाचे आहे, असे वाटतच नाही. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस पुष्पप्रदर्शन भरते. ते पाहून परतणाऱ्या अनेकांच्या हातांत फुलांनी लगडलेल्या कुंड्या असतात. मार्च उजाडता उजाडता त्या कुंड्या वाळतात आणि दोष आपल्या हाताला किंवा रोपवाटिकेला दिला जातो. वस्तुतः दोष कोणाचाच नसतो. ही हंगामी रोपे पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली असतात. जानेवारीचे प्रदर्शन हा त्यांच्या आयुष्यातील सुगीचा सोहळा होय. तेथून पुढे त्यांना फारसे आयुष्य उरलेले नसते.

दुसरी फसगत पुस्तकांमुळे होते. थंड देशांत लिहिल्या गेलेल्या बागकामाच्या पुस्तकांत हिवाळ्याचा शेवट म्हणजे वसंताची चाहूल. तेथे बर्फ वितळते, जमीन ओली असते, पुढे पाऊस आणि सौम्य ऊन यांची खात्री असते; म्हणून या काळात गुलाबाची जबर छाटणी करावी, नवी झाडे लावावीत, असे तेथील लेखक सांगतात. महाराष्ट्रात हिवाळ्याच्या शेवटाशी ग्रीष्म उभा असतो. आपला खात्रीचा पाऊस जूनमध्ये येतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मोजले तर मध्ये चार महिने, म्हणजे सुमारे १२० दिवस, बागेला केवळ आपण देऊ तेवढेच पाणी मिळणार आहे. म्हणूनच माघातील तयारीचा पहिला प्रश्न कोणते फूल लावावे हा नसून पाणी किती आहे, हा आहे.

पाण्याचा ताळेबंद

एक फूट व्यासाच्या मातीच्या कुंडीला या मोसमात दररोज सरासरी दीड लिटर पाणी लागते असे धरू. मे महिन्यात ते दोन लिटरवर जाते. वीस कुंड्यांना दररोज ३० लिटर. १२० दिवसांत ३,६०० लिटर. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजल्यास हे २४० हंडे होतात. आणि दहा हजार लिटरच्या टँकरचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग केवळ वीस कुंड्यांत रिकामा होतो. ग्रामीण नळपाणीपुरवठ्याच्या योजना पूर्वी दरडोई, दररोज ४० लिटर या निकषावर आखल्या जात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने हा निकष ५५ लिटरवर नेला. म्हणजे या वीस कुंड्या एका माणसाच्या वाट्याचे निम्म्याहून अधिक पाणी पितात. मे महिन्यात तर एकेकाळच्या निकषाप्रमाणे एका माणसाचे पूर्ण पाणी.

जमिनीतील वाफ्यांचा हिशेब याहून कडक आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पठारी भागात मे महिन्यात उघड्या भांड्यातील पाण्याची पातळी दिवसाला एक सेंटिमीटरपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही अधिक खाली जाते. फुलझाडांच्या वाफ्याला त्याच्या निम्मे पाणी द्यावयाचे म्हटले, तरी दहा चौरस मीटरच्या वाफ्याला दररोज ५० लिटर लागतात. ज्या गावात एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो, तेथे असा वाफा राखणे हे शेजाऱ्याच्या हंड्याकडे पाहूनच ठरवावे लागेल.

हा हिशेब मांडण्याचा उद्देश बागेपासून परावृत्त करणे हा नाही. बाग पाण्याच्या मापाने आता, माघातच, लहान करावी. म्हणजे वैशाखात ती डोळ्यांदेखत मरू देण्याची वेळ येत नाही. गेल्या उन्हाळ्यात नळ किती दिवसांआड आला, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात खाली गेले, हे घरातील प्रत्येकाला आठवत असते. त्या आठवणीवरून कुंड्यांची संख्या ठरवावी. चाळीस कोमेजलेल्या कुंड्यांपेक्षा बारा टवटवीत कुंड्या केव्हाही बऱ्या. उरलेल्या शेजाऱ्यांना, शाळेला द्याव्यात किंवा त्यांतील हंगामी रोपे संपली की रिकाम्या करून पालथ्या घालाव्यात.

स्वयंपाकघरातील पाण्याचा विचार येथेच केला पाहिजे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी एका मध्यम कुटुंबात दिवसाला बादलीभर तरी निघते. ते मोरीत न सोडता वेगळ्या बादलीत धरले, तर दहा कुंड्या त्यावर जगतात. साबणाच्या पाण्याचे तसे नाही. कपडे धुण्याच्या पावडरीतील सोडियममुळे माती, विशेषतः काळी माती, चिकट व घट्ट होते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. असे पाणी कुंडीत कधीही घालू नये. मोरीच्या तोंडाशी कर्दळ, केळ, अळू लावण्याची आपली जुनी पद्धत यासाठीच शहाणपणाची होती. ही झाडे ओल आणि गाळ दोन्ही सोसतात, आणि कर्दळीला फुलेही येतात. अलीकडे घरोघरी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे आली आहेत. त्यांतून वाया जाणारे पाणी स्वच्छ दिसते. परंतु मूळ पाण्यातील क्षार त्यात एकवटलेले असतात. जेथे विहिरीचे वा बोअरचे पाणी मुळातच जड आहे, तेथे ते कुंड्यांना घालू नये. फरशी पुसण्यास ते चालेल.

सरत्या बहराची आवराआवर

हिवाळी हंगामी फुलांना फेब्रुवारीच्या अखेरीनंतर पाणी देत राहणे हा तोट्याचा व्यवहार आहे. मात्र उपटण्यापूर्वी बी धरावे. त्यासाठी सर्वांत आधीचे, मोठे व निर्दोष फूल झाडावरच वाळू द्यावे. ते सकाळी दव उडाल्यावर खुडावे, सावलीत आठवडाभर पसरावे आणि कोरड्या बाटलीत चिमूटभर राखेसह बंद करून बाटलीवर नाव व महिना लिहावा. नाव न लिहिलेले बी पुढील आश्विनापर्यंत कोणाचे आहे हे घरात कोणालाही सांगता येत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. संकरित वाणांचे बी धरून उपयोग नसतो. त्यांतून मूळ झाडासारखी फुले येतीलच असे नाही. डेलियाची पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे, कंद खणून काढावेत आणि कोरड्या वाळूत, थंड जागी ठेवावेत.

शेवंतीकडे मात्र अधिक लक्ष हवे. फुले संपल्यावर झाड वाळल्यासारखे दिसते आणि पुष्कळ घरांत ते उपटून टाकले जाते. त्याच्या बुडाशी नीट पाहिल्यास जमिनीतून कोवळे फुटवे वर येताना दिसतात. शेतकरी त्यांना काश्या म्हणतात. पुढील वर्षाची शेवंती याच काश्यांत असते. जुनी खोडे चार-सहा बोटे ठेवून छाटावीत, मुळाशी थोडे कुजलेले खत द्यावे आणि काश्या बोटभर उंचीच्या झाल्या की मुळांसकट अलग करून लहान कुंड्यांत, झाडाच्या विरळ सावलीत लावाव्यात. उन्हाळाभर त्यांना फुलवावयाचे नसून केवळ जगवावयाचे असते. पावसाळ्याच्या तोंडाशी त्या कायम जागी गेल्या की दिवाळीनंतर पुन्हा बहर येतो. एका झाडापासून आठ-दहा रोपे सहज होतात. त्यासाठी पैसा लागत नाही.

मोगऱ्याचा महिना

या मोसमातील सर्व कामांत मोगऱ्याचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत अधिक चुकीचे केले जाणारे. आमच्या मोगऱ्याला पाने भरपूर, कळी मात्र एकही नाही, ही तक्रार घराघरांत ऐकू येते. या तक्रारीचे मूळ बहुधा माघात असते. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीच्या शेंड्यावर. जुन्या फांद्या कितीही दाट असल्या, तरी त्या फुले देत नाहीत. नवी फूट जोमाने यावयाची, तर झाडाला आधी विश्रांती मिळाली पाहिजे. ती थंडीच्या अखेरीस पाणी तोडून देता येते. गृहिणी दयाबुद्धीने रोज तांब्याभर पाणी घालीत राहते आणि झाड वर्षभर अर्धवट जागे राहते.

रीत अशी आहे. रथसप्तमीच्या आधी पाणी कमी करीत आणावे व नंतर बंद करावे. जमिनीत लावलेल्या वेलाला हलक्या मातीत दोन ते तीन आठवड्यांचा ताण पुरतो. काळी माती ओल धरून ठेवते, तेथे थोडा अधिक काळ लागतो. कुंडीतील झाडाला एवढा ताण देऊ नये. कुंडीची माती लवकर सुकते, त्यामुळे आठवडा-दहा दिवस पुष्कळ झाले. ताण पुरेसा झाला हे पानेच सांगतात. ती निस्तेज होतात, काही पिवळी पडून गळतात. घरात यावेळी हमखास कोणीतरी कळवळून पाणी घालते. म्हणून कुंडीजवळ सूचना लिहून ठेवावी असे सुचवणे विनोदाचे वाटले, तरी उपयोगाचे आहे.

पाने निस्तेज झाली की छाटणी करावी. आधी वाळक्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या बुडापासून काढाव्यात. मग उरलेले झाड जमिनीपासून सुमारे दीड फूट ठेवून, कुंडीत असल्यास त्याहूनही आखूड, धारदार सिकेटरने कापावे. काप डोळ्याच्या किंचित वर आणि तिरपा असावा. उरलेली पाने हाताने खुडून टाकली तरी चालते. झाडाचे असे बोडके रूप पाहून जीव कासावीस होतो, आणि बहुतेकांचा हात येथेच थांबतो. शेंडे तेवढे खुडल्याने काही साधत नाही. त्याने झाड वरवर वाढते आणि बुडाशी उघडे पडते.

छाटणीनंतर खोडापासून वीतभर जागा सोडून भोवतीची माती हलक्या हाताने उकरावी आणि दोन दिवस ऊन खाऊ द्यावे. तिसऱ्या दिवशी जमिनीतील झाडाला दोन पाट्या, कुंडीला दोन-तीन ओंजळी, चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळून आळे पुन्हा बांधावे. मूठभर निंबोळी पेंड घातल्यास उत्तम. पहिले पाणी हलके, दुसरे चार दिवसांनी आणि मग नवी फूट दिसू लागली की नियमित. युरियाचा मोह टाळावा. त्याने पाने माजतात. दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल, तर एवढे सर्व करूनही कळी येणार नाही. अशी कुंडी आताच उन्हात हलवावी. माघात ही कामे झाली तर चैत्र-वैशाखात, म्हणजे फुलांच्या गजऱ्याला खरा अर्थ असतो त्या उकाड्याच्या संध्याकाळी, मोगरा ओंजळीने मिळतो. पहिला बहर ओसरला की फुललेले शेंडे खुडावेत. पुन्हा फूट येऊन दुसरा बहर धरतो. बटमोगरा असो वा मदनबाण, नियम एकच.

जाई-जुईच्या वेलांचीही या दिवसांत वाळकी काडी काढून विरळणी करावी. त्यांचा मुख्य बहर पुढे पावसाळ्याच्या सुमारास येतो.

गुलाब आणि जास्वंद

गुलाबाची मुख्य छाटणी आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये होते. ती राहून गेली असेल तर आता भरपाई करण्याच्या फंदात पडू नये. जबर छाटलेल्या गुलाबाची कोवळी फूट मार्चच्या उन्हात करपते. सुकलेली फुले दोन-तीन पानांसह खुडावीत, शेंड्याकडून काळी पडत येणारी काडी हिरव्या भागापर्यंत कापावी आणि डोळा भरलेल्या जागेच्या खालून फुटणारे जंगली धुमारे ओढून काढावेत. एवढेच पुरे. ऊन तापू लागले की पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी जाळी विणतो. सकाळी पाण्याच्या बारीक फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

जास्वंदीचे शेंडे हलके छाटावेत. पांढरा कापूस चिकटल्यासारखा पिठ्या ढेकूण दिसला, तर तेवढी फांदी कापून जाळावी. त्याला गोड चिकट्यासाठी राखणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय तो जात नाही, हे लक्षात ठेवावे.

पालापाचोळा : जाळू नये

शिशिराची पानगळ आणि फुलबागेची गरज यांचा मेळ निसर्गानेच घातला आहे. तो माणूस काडी ओढून मोडतो. माघ-फाल्गुनात प्रत्येक आळीत, प्रत्येक कार्यालयाच्या आवारात सकाळी पाचोळ्याचे ढीग पेटलेले दिसतात. ज्या आठवड्यात मातीला पांघरूण हवे असते, त्याच आठवड्यात ते पांघरूण धूर होऊन जाते आणि तो धूर लहान मुले व दम्याचे रुग्ण यांच्या छातीत जातो.

कुंडीतील मातीवर दोन बोटे आणि वाफ्यात चार बोटे जाडीचा पाचोळ्याचा थर दिला, तर माती उघड्या उन्हात तापत नाही आणि पाण्याची पाळी लांबते. ज्या झाडाला रोज पाणी लागत होते, ते एक दिवसाआड पाण्यावर भागते. वर मांडलेल्या ताळेबंदात याचा अर्थ काय होतो, हे वाचकांनीच ताडून पाहावे. पाचोळा नसेल तेथे उसाचे पाचट, भाताचे तूस, भुईमुगाची टरफले, नारळाच्या काथ्याचा भुसा, जे गावात फुकट मिळेल ते चालते. थर खोडाला चिकटू देऊ नये. चार बोटे अंतर ठेवावे. वाळवीचा उपद्रव असेल तेथे थराखाली निंबोळी पेंड पसरावी. जास्तीचा पाचोळा एक मीटर लांब, रुंद व खोल खड्ड्यात शेणकाला आणि मातीचे पातळ थर देत भरावा. त्यावर अधूनमधून भाजी धुतलेले पाणी पडत राहिले, तर मृगाच्या सुमारास लागवडीसाठी खत तयार असते.

कुंड्या, माती आणि पुरलेले मडके

दोन वर्षे न बदललेल्या कुंड्यांची माती या काळात बदलून घ्यावी. एप्रिलमध्ये मुळांना धक्का लावणे झाडाला सोसत नाही. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि माती भारी असल्यास एक भाग वाळू हे मिश्रण बहुतेक फुलझाडांना मानवते. ताजे शेण कधीही घालू नये. ते कुजताना तापते आणि त्यातून हुमणी येते. कोकणातील जांभ्याची माती पाणी धरीत नाही. तेथे वाळू वगळून खताचे प्रमाण वाढवावे. तळाच्या छिद्रावर खापरी पालथी ठेवण्यास विसरू नये. कुंड्या एकमेकींजवळ, पूर्वेच्या उन्हात आणि पश्चिमेच्या भिंतीच्या आडोशाला मांडाव्यात. विदर्भात, जेथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथे दुपारपुरती हिरवी जाळी किंवा जुन्या साडीचा आडपडदा आवश्यकच होय.

जमिनीतील जास्वंद, मोगरा, अनंत यांच्यासाठी मडके पुरण्याची युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे. न रंगवलेले, चांगले पाझरणारे मडके झाडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि झाकण ठेवावे. माती कोरडी झाली की पाणी झिरपते, ओली असली की थांबते. मुळे आपण होऊन मडक्याकडे येतात. झाकण मात्र घट्ट हवे, नाहीतर मडक्यात डास वाढतात. हा खड्डा उन्हाळ्यात खणल्यास मुळे तुटतात. तेही काम आताचेच.

नवीन काय लावावे

पाणी पुरेसे आहे, असा निर्वाळा ताळेबंदाने दिला असेल त्यांनीच झेंडू आणि निशिगंध यांच्याकडे वळावे. झेंडूचे बी आता पेरले तर रोप तीन-चार आठवड्यांनी लावण्याजोगे होते. गुढीपाडव्याच्या तोरणाला ही फुले मिळण्याची आशा धरू नये, कारण पाडवा रथसप्तमीनंतर आठ आठवड्यांच्या आतच येतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ती मिळतात. झेंडूची मुळे जमिनीतील सूत्रकृमींना आवर घालतात, हा वेगळा लाभ. निशिगंधाचे कंद मार्च-एप्रिलमध्ये लावावयाचे. सुपारीहून मोठे, टणक कंद निवडून आताच सावलीत वाळवून ठेवावेत.

पाणी बेताचे असेल तेथे गलांडा, सदाफुली आणि लहान मुलांपासून कार्यालयातील शिपायापर्यंत सर्वजण ज्याला ‘ऑफिस टाइम’ म्हणतात ते चिनी गुलाब लावावे. सकाळी ऊन चढल्यावर उमलणारे आणि दुपारनंतर मिटणारे हे फूल कार्यालयीन वेळेबाबत काहींपेक्षा अधिक काटेकोर असते. काडी खोचली की ते लागते. गलांडा हलक्या, मुरमाड जमिनीतही तग धरतो आणि पूजेला रोज फूल देतो. पांढऱ्या चाफ्याची फांदी या दिवसांत निष्पर्ण असते. हातभर फांदी कापून चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवावी आणि मग रोवावी. तिला पाणी कमी दिल्याने अपाय होत नाही, जास्त दिल्याने ती कुजते.

शाळेची बाग आणि मे महिन्याची सुट्टी

महाराष्ट्रातील शाळांच्या बागा बहुधा एकाच आजाराने मरतात. जूनमध्ये वृक्षारोपण होते, प्रजासत्ताक दिनाला पाहुणे वाफ्यांची प्रशंसा करतात आणि मे महिन्याच्या आरंभी शाळा बंद होते. सुमारे सहा आठवडे फाटकाला कुलूप असते. शाळा पुन्हा उघडते तेव्हा बाग उरलेली नसते, आणि मुले पुन्हा पहिल्यापासून खड्डे खणतात. असे दरवर्षी झाले की, लावलेले झाड जगत नाही, हाच धडा मुले नकळत शिकतात.

शाळेच्या बागेची आखणी म्हणूनच सुट्टीपासून मागे मोजीत करावी. हंगामी वाफे वार्षिक परीक्षेपूर्वी रिकामे करून बी मुलांकडून धरून घ्यावे. हा विज्ञानाचा चांगला पाठ होतो. कायम जागी चाफा, बोगनवेल, कोरांटी, सदाफुली अशी तहान सोसणारी झाडे असावीत. बोगनवेल तर पाण्याच्या ताणावरच अधिक फुलते. कण्हेर पाण्यावाचून जगते आणि सुंदरही दिसते, तथापि तिचे सर्व भाग विषारी असल्याने प्राथमिक शाळा व अंगणवाडी यांच्या आवारात ती लावू नये. हलवता येण्याजोग्या कुंड्या सुट्टीपुरत्या मुलांच्या घरी द्याव्यात. कोणती कुंडी कोणाकडे, याची नोंद वहीत ठेवावी आणि ही वाटणी सुट्टीच्या आदल्या दिवशी न करता फाल्गुनातच करावी, म्हणजे मुलाला ती कुंडी आपली वाटू लागते.

ग्रामपंचायतींनी या संदर्भात दोन गोष्टी मनावर घेण्यासारख्या आहेत. सार्वजनिक नळकोंडाळ्यावर सांडणारे पाणी चर खणून जवळच्या कर्दळीच्या ताटव्याकडे वळवले, तर डबके नाहीसे होते आणि बाग वेगळ्या पाण्यावाचून उभी राहते. नळाचे पाणी मात्र टंचाईच्या महिन्यांत कार्यालयापुढील हिरवळीला घालू नये. हिरवळ हा फुलबागेतील सर्वांत तहानलेला भाग आहे, आणि हंडे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या स्त्रियांच्या देखत तिच्यावर पाण्याची नळी सोडणे कोणत्याही सभासदाला शोभणारे नाही. दुसरी गोष्ट झाडलोटीची. सफाई कामगारांना पाचोळा जाळण्यास मनाई करावयाची, तर तो टाकण्यासाठी खड्डा आधी खणून दिला पाहिजे. केवळ ठरावाने धूर थांबत नाही.

राहता राहिली होळी. लाकूड व गोवऱ्यांची राख थंड झाल्यावर चाळून ठेवावी. तिच्यात पालाश असते आणि कोकणातील आम्ल जमिनीत ती कुंडीमागे मूठभर घालण्यास हरकत नाही. देशावरील काळ्या जमिनीत मुळातच चुना अधिक. तेथे चिमटीच्या पलीकडे जाऊ नये. ज्या होळीत प्लॅस्टिक, टायर किंवा रंगवलेले लाकूड जळाले असेल, तिची राख बागेत आणू नये.